टर्बो बसवू का, काका?

प्रश्न : काका, नमस्कार. वडिलांची १९७४ची बुलेट ३५० माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी इंजिन खोललं, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातला. वायरिंग अजून सहा व्होल्टचंच. सपाटीला गाडी झकास पळते, पण कुंभार्ली घाटात दोघं बसलो की दुसऱ्या गिअरवर येते. इथल्या भंगारवाल्याकडं सेलेरिओ डिझेलचा टर्बो साडेचार हजाराला मिळतोय. वेल्डर मित्र आहे, बेंड पाइप तो करून देईल. बसवू का? किती घोडे वाढतील?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि टेबलावरच्या पिस्टनकडं नजर गेली. त्याच्या माथ्यावर आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक आहे, त्यात मी पेन उभं करून ठेवतो. ते भोक टर्बोनं पाडलंय असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं तर मीच पाडलंय. ती गोष्ट पुढं येईल, आधी घोड्यांचा हिशेब करू, कारण तो कागदावर फुकट होतो. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारं चक्र; ते दुसऱ्या टोकाचा कॉम्प्रेसर फिरवून इंजिनात हवा दाबून भरतं.

बुलेट ३५०चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मि.मी., स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९०. झाले ३४६ सीसी. फोर स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा श्वास, तेव्हा साडेपाच हजार आरपीएमला मिनिटाला २,७५० श्वास. सिलिंडर काठोकाठ कधीच भरत नाही, ८० टक्के धरा. मिनिटाला साधारण ७६० लिटर हवा झाली, वजनात ९०० ग्रॅमच्या आसपास. सेलेरिओचं ते दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन ७९३ सीसीचं. ते टर्बोवर जोरात चालतं तेव्हा याच्या दुपटीहून जास्त हवा ओढतं. टर्बो हातात घेतल्यावर लहानसा वाटतो, पण तुमच्या बुलेटच्या अंगाला तो थोरल्या भावाचा शर्ट आहे. शिवाय डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानानं थंड असतो. डिझेलसाठी केलेल्या चक्राला पेट्रोलच्या धुराची आच किती दिवस सोसेल, याची खात्री भंगारवाला देणार नाही.

तरी समजा, टर्बो नीट फिरला आणि अर्धा बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दीडपट दाब, मिळाला. हवा दाबली की तापते. सायकलला पंप मारताना खालचं नळकांडं हाताला चटका देतं, तेच हे. बाहेर ३५ डिग्री असतील तर लहान टर्बोतून निघणारी हवा ९५ ते १०० डिग्रीला जाते. तापली की विरळ होते. म्हणजे दाबानं दीडपट दिलं आणि उष्णतेनं त्यातला सहावा हिस्सा परत नेला. पदरात पडलं सव्वापट. तुमचे १८ घोडे होते, झाले २२. दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर लावला तर अजून दोन-तीन मिळतील, पण तो लावणार कुठं, लेगगार्डला?

आता गंमत बघा. याच धाटणीची बुलेट ५०० कारखान्यातून निघायची तेव्हा तिलाही २२च घोडे होते. तिला टर्बो नव्हता, बोअर ८४ मि.मी. होता.

दुसरी अडचण जास्त मुळातली. टर्बो हवा सलग देतो आणि सिंगल सिलिंडर ती घोटाघोटानं पितो. इनलेट व्हॉल्व्ह बंद असतो तेव्हा मागून येणाऱ्या हवेनं जायचं कुठं? ती उलटी फिरून कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आपटते, आणि व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा पाइपातला दाब एका घोटात संपतो. म्हणून मध्ये एक टाकी लागते, इंजिनाच्या काही पट आकाराची. अमेरिकेतल्या एमआयटीत सिंगल सिलिंडर डिझेल इंजिनावर हाच प्रयोग झाला, त्यांनीही टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये हवेची टाकीच ठेवली. डिझेलमध्ये ते चालून जातं, कारण त्या टाकीत नुसती हवा असते. कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी ठेवला तर पेट्रोल गाडीच्या या मधल्या टाकीत पेट्रोल मिसळलेली हवा भरते. आणि बुलेट कार्ब्युरेटरातून उलटा भडका मारते हे बुलेटवाल्याला सांगायला नको.

आता भोकाची गोष्ट. साल १९९४. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी वस्तादांच्या हाताखाली शिकत होतो. अपघातात मोडलेली एक ३५० गॅरेजमागं पडून होती आणि मला नाद लागला होता. वस्ताद म्हणाले, "कर. पण गिऱ्हाइकाच्या गाडीवर नाही." कुर्ल्याच्या भंगारातून जपानी डिझेल गाडीचा टर्बो आणला. तो एवढा मोठा निघाला की बुलेटचा धूर त्यातून वाऱ्यासारखा निघून जायचा आणि चक्र जेमतेम हलायचं. पंधरा दिवस त्यात गेले. मग वस्तादांच्या मुंबईतल्या दोस्तानं एका चिमुकल्या जपानी गाडीचा टर्बो धाडला, मुठीत मावेल एवढा. बूस्ट मोजायला घड्याळ नव्हतं म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून बीपीच्या यंत्राचं घड्याळ मागून आणलं. मधल्या टाकीसाठी जुन्या फायर एक्स्टिंग्विशरचं नळकांडं कापलं.

पहिल्यांदा कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी बसवला. थ्रॉटल बंद केला की कार्ब्युरेटरच्या ओढीनं टर्बोच्या सीलमधून ऑइल आत खेचलं जायचं. सायलेंसरातून असा पांढरा धूर, की शेजारचा फाउंड्रीवाला आपली भट्टी बघायला धावला. चौथ्या दिवशी किक मारताना उलटा भडका बसला आणि नळकांड्याचं झाकण उडून समोरच्या लेथवाल्याच्या पत्र्यावर पडलं. आवाज असा, की अख्खी गल्ली बाहेर. वस्तादांनी फक्त झाकण उतरवून आणायला सांगितलं, बाकी शब्द नाही.

मग कार्ब्युरेटर टर्बोच्या पुढं घेतला, म्हणजे दाबलेली हवा कार्ब्युरेटरातून जाईल. टाकीतल्या स्फोटाची भीती गेली. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरला, म्हणजे पेट्रोलच्या वाटीलाही, बूस्टची नळी जोडली, नाहीतर हवा जेटमधूनच उलटी घुसते. सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालली. चढाला थ्रॉटल पिळला की बीपीच्या घड्याळाचा काटा थरथरत १८०ला जायचा. माणूस असता तर अ‍ॅडमिट केला असता. आणि नेमकी तिथंच गाडी मिस मारायला लागायची. प्लग बदलले, पॉइंट घासले, मोठा जेट घातला, फरक शून्य. शेवटी मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून आत बघत बसलो आणि वस्तादांनी इंजिनावर भार देऊन थ्रॉटल पिळला. टाकीत खालून बुडबुडे यायला लागले.

मग डोक्यात प्रकाश पडला. बुलेटला पेट्रोल पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानं खाली येतं. १८० मि.मी. पारा म्हणजे पाव बारला थोडा कमी दाब. तेवढ्या दाबाविरुद्ध पेट्रोल खाली यायचं तर टाकी कार्ब्युरेटरच्या सव्वातीन मीटर वर पाहिजे. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत टाकी आणि खाली रस्त्यावर बुलेट. आमच्याकडं उलट झालं होतं, कार्ब्युरेटरातली हवाच पेट्रोलच्या नळीतून वर टाकीत चढत होती आणि इंजिन उपाशी राहत होतं.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं थांबायचं. पंप हुडकायचा, बूस्टबरोबर पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर शोधायचा. मी मात्र "एकदा पन्हाळ्यापर्यंत" म्हणून निघालो. वाघबीळच्या चढाला इंजिनाच्या हेडमध्ये खडखड ऐकू आली. बाटलीत गोट्या हलवाव्यात तसा आवाज. पेट्रोल कमी, हवा जास्त आणि तापलेली, इग्निशन, म्हणजे ठिणगी, जुन्याच वेळेवर. खडखड थांबली आणि गाडीही थांबली. किक मारली तर पाय असा खाली गेला की जणू इंजिनात काही नाहीच. टेम्पोत घालून गाडी आणली, हेड काढलं आणि भोकातून कनेक्टिंग रॉड दिसला. वस्ताद म्हणाले, "आता दुसऱ्याला सांगायला तुझ्याकडं काहीतरी आहे." तेच सांगतोय.

बुलेटच्या बाजूनंही एक बोलतो. जुन्या बुलेटचं कॉम्प्रेशन कमी असतं, आणि टर्बोला कमी कॉम्प्रेशनच लागतं. त्या बाबतीत ती नव्या गाड्यांपेक्षा बरी. पण बाकीचं मोजा. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतं. त्याला भाराखाली दीड-दोन बार दाबाचं ऑइल लागतं. बुलेटचा एक पंप बिगेंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, ऑइल पाठवतो, दुसरा गोळा करून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरला देतो, आणि दाब दोन्हीकडं नावालाच. टर्बोतलं ऑइल परत यायला खाली उताराची अर्ध्या इंचाची नळी पाहिजे. बेंड पाइपजवळ टर्बो टांगला तर उतार मिळत नाही, मग तिसरा पंप आला. ठिणगीची वेळ बूस्टप्रमाणं मागं घ्यायला हवी, ते ठिणगी पाडणारे पॉइंट करणार नाहीत. पेट्रोल पंप तुमच्या सहा व्होल्टवर चालवलात तर रात्री हेडलाइटच्या जागी पणती. आणि हे सगळं जमलंच तर पुढं सहा इंची ड्रम ब्रेक.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करायचा नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमेवाला आधी इंजिनाकडं बघणार. आणि तुमच्या लक्षात आलंय का माहीत नाही, पण १९७४ची गाडी पन्नाशी ओलांडून गेलीय. २०२१च्या नियमांनी ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मूळ रूपात असेल तरच. साडेचार हजाराच्या टर्बोपायी तो मान घालवू नका.

राहिला घाट. तुम्हाला घोडे कमी पडत नाहीत, ओढ कमी पडतेय. आधी हे करा. इंजिन थंड असताना अँमीटरकडं बघत पिस्टन कॉम्प्रेशनवर आणा आणि किकवर सावकाश उभे राहा. वजन काही क्षण तोललं गेलं पाहिजे. पाय लगेच लोण्यात सुरी गेल्यासारखा खाली जात असेल तर व्हॉल्व्ह किंवा डिकॉम्प्रेसर (किक मारताना सिलिंडरचा दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) गळतोय. डिकॉम्प्रेसरवर साबणाचं पाणी टाकून बघा, बुडबुडे आले तर चोर सापडला. नवीन पिस्टन घालून डिकॉम्प्रेसर जुनाच ठेवलेल्या किती बुलेट माझ्याकडं येतात, विचारू नका. मग वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारा ऑटो अ‍ॅडव्हान्स अडकलाय का बघा, त्याच्या स्प्रिंगा ताणून गेलेल्या असतात. सायलेंसर आतून कोळशानं बसलाय का, तेही.

हे सगळं ठीक असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या चक्रीचे दाते मोजा. सोळा असतील तर पंधराची घाला. ओढ सहा-सात टक्क्यांनी वाढेल, वेग तेवढाच कमी होईल, आणि खर्च टर्बोच्या मानानं किरकोळ. चेनची लांबी बघून घ्या. घाटातून आल्यावर कळवा.

प्रश्न : ऑनलाइन "इलेक्ट्रिक टर्बो" नावाचा पंखा ९०० रुपयांत मिळतो, एअर फिल्टरच्या नळीत बसवायचा. माझ्या १९९८च्या बुलेट ३५०ला चालेल का? धूर-ऑइलची कटकट तरी नाही. — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : वरचाच हिशेब पुढं न्या. बुलेटची हवा अर्धा बार दाबायची तर कॉम्प्रेसरच्या दांड्याला जवळजवळ एक किलोवॉट लागतो, घरातल्या इस्त्रीएवढा. बारा व्होल्टवर ८० अँपिअर झाले. त्या पंख्याची वायर बघा, केवढी जाड आहे? पाच अँपिअरच्या वर गेला तर वितळेल. बुलेटच्या अल्टरनेटरला हेडलाइट आणि हॉर्न एकदम दिला तरी धाप लागते, तो ८० अँपिअर कुठून आणणार? पंखा फिरत नसेल तेव्हा हवेच्या वाटेत नुसता अडथळा. नऊशे रुपयांत चांगला प्लग, फिल्टर आणि क्लचची केबल येते.

प्रश्न : माझी राजदूत ३५० आहे, हाय टॉर्क. टू स्ट्रोकला टर्बो सहसा का कुणी लावत नाही? — पुणे

उत्तर : कारण तिच्या सायलेंसरातच अर्धा टर्बो आहे. टू स्ट्रोकमध्ये मिश्रण आत येण्याचं ट्रान्सफर पोर्ट आणि धूर जाण्याचं एक्झॉस्ट पोर्ट एकाच वेळी उघडे असतात, त्यामुळं ताजं मिश्रण थोडं सायलेंसरात निसटतं. त्या फुगीर सायलेंसरातून उलटी येणारी दाबाची लाट पोर्ट बंद व्हायच्या आत ते मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. मध्ये टर्बोचं चक्र घातलं की लाट मोडली. वरून दाब दिला तर जास्तीचं मिश्रण उघड्या पोर्टातून सरळ बाहेर. ३४७ सीसीत साडेतीस घोडे १९८३ साली आपल्याकडं दुसऱ्या कुणी दिले नव्हते, त्यात समाधान माना. तिचे क्रँकचे सील बघा. ते गळत असले की एका बाजूचं सिलिंडर पातळ मिश्रणावर चालतं आणि पिस्टन धरतं.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, सध्या लेस्टरला. इथं १९८२ची होंडा सीएक्स ५०० टर्बो विकायला आहे. चालू स्थितीत आहे, पण दहा वर्षं कमी वापरलेली. घ्यावी का? — एक वाचक, इंग्लंड

उत्तर : माझ्या भोकाच्या पिस्टनची शपथ, टर्बोचा नाद फेडायचा तर असाच फेडावा, कारखान्यात लागलेल्या टर्बोवर. साधी सीएक्स ५०० होती ५० घोड्यांची, टर्बोवाली ८२ची. त्यासाठी होंडानं काय काय केलं बघा. कॉम्प्रेशन दहाचं सव्वासातच्या आसपास आणलं, कार्ब्युरेटर काढून संगणकावरचं फ्युएल इंजेक्शन दिलं, आतले भाग मजबूत केले, आणि ८० अंशांच्या व्ही-ट्विनचे वेडेवाकडे श्वास सांभाळायला हवेची टाकी बसवली. कराडकरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पुढच्याच वर्षी तिची ६५० झाली. यामाहाची एक्सजे ६५० टर्बो, सुझुकीची एक्सएन ८५, कावासाकीची जीपीझेड ७५० टर्बो, चारही जपानी कंपन्या या नादात उतरल्या आणि काही वर्षांत बाहेर पडल्या. कावासाकीची ७५० टर्बो ११२ घोड्यांची. त्याच कावासाकीनं १९८४ला जीपीझेड ९००आर काढली, टर्बोशिवाय ११५. मग टर्बोचा खटाटोप कोण करणार? म्हणूनच तुमच्यासमोर उभी असलेली गाडी दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच तिचे टर्बोचे आणि इंजेक्शनचे भाग मिळवताना घाम निघेल.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या, मालकाला आधी चालू करू देऊ नका. बॅटरीवर मीटर लावून चार्जिंग तपासा. सीएक्सचा स्टेटर, म्हणजे वीज तयार करणारी गुंडाळी, इंजिनाच्या मागच्या झाकणाआड असतो, गेला तर इंजिन फ्रेममधून उतरवावं लागतं. वॉटर पंपाच्या सीलखाली छोटं भोक असतं, तिथं हिरवट डाग दिसला तर तेही काम त्याच वेळी आलं. दहा वर्षं उभ्या गाडीच्या टाकीत आणि इंजेक्टरात काय साठलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही.

टर्बोसाठी एकच करा. मालकाची परवानगी काढून ऑइलची वरची नळी सोडवा आणि आत टॉर्च मारा. जोरात पळवून आल्या आल्या इंजिन बंद करायची सवय असेल, तर तापलेल्या चक्राजवळ अडकलेलं ऑइल जळून काळी खरपुडी झालेली असते, पातेल्याच्या बुडाला लागते तशी. ती दिसली तर टर्बो उघडून साफ करण्याचा खर्च किमतीतून कापून घ्या. नाही दिसली तर गाडी जपणाऱ्या माणसाची आहे, फार घासाघीस करू नका. घरी आणल्यावर तुम्हीही गल्लीच्या तोंडापासून थ्रॉटल न पिळता या आणि दारात मिनिटभर आयडलवर राहू द्या.